भुकेल्या मातीतली फुलं

युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे गोणीमागे साधारण २० किलो. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे बारा गोण्या. आता आल्प्समधल्या उंच कुरणांचा हिशेब बघा. युरोपात धरलेली मर्यादा अशी की वर्षाला हेक्टरी ५ ते १० किलोपेक्षा जास्त नत्र पडलं, तर तिथलं गवत आणि फुलझाडं बदलायला लागतात. चौरस मीटरला जेमतेम एक ग्रॅम. युरियात मोजायचं तर दोन-सव्वादोन ग्रॅम, चिमटीत मावेल एवढं. आणि त्यासाठी कुणी डोंगरावर गोणी न्यायची गरज नाही. गाड्यांचा धूर आणि शेतांतून, गोठ्यांतून उडणारा अमोनिया पावसाबरोबर आपोआप तिथे पोचतो.

ज्या पदार्थाने ऊस तरारतो, त्याने कुरण कसं बिघडेल? यासाठी आधी ही कुरणं कशावर जगतात ते बघायला हवं. उंचावर थंडीमुळे पाला आणि मेलेली मुळं फार हळू कुजतात. मातीत नत्र असतं, पण ते कुजक्यात अडकलेलं. मुळांच्या हाती लागतं थोडं थोडं. आपल्याकडे कासच्या पठारावर थंडी नाही, पण कातळावरची माती बोटभर आणि तीही पावसाने धुतलेली, म्हणजे उपासमार तशीच. सप्टेंबरमध्ये तिथे गुडघे टेकून भिंग लावून बघा. ‘दवबिंदू’च्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो आणि त्यात एखादं चिलट अडकलेलं दिसतं. शेजारच्या ‘सीतेची आसवं’ची निळी-जांभळी फुलं सगळे फोटोत घेतात, पण तिचं खरं काम ओल्या मातीत चालतं. तिथे मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात, आणि एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी त्याला पाण्यासकट ओढून घेते. मातीत नत्र नाही, म्हणून या झाडांनी शिकार करून ते मिळवलं. अशा जागी खत आलं तर या शिकारी झाडांचा काहीच फायदा होत नाही. फायदा होतो तो भराभर वाढणाऱ्या गवताचा.

उपाशी कुरणात कुणालाच फार उंच होता येत नाही, त्यामुळे वीतभर जागेतही अनेक जाती दाटीवाटीने नांदतात. नत्र मिळालं की दोन-चार उंच गवतं उसळी घेतात आणि खाली अंधार होतो. हा नुसता तर्क नाही. झुरिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गवताळ रोपांच्या पेट्यांना खत दिलं आणि काही पेट्यांमध्ये उंच पानांच्या खाली दिवे लावले. जिथे दिवे होते, तिथे खत देऊनही जाती टिकल्या. खताने छोटी झाडं जळत नव्हती, ती सावलीत मरत होती. मला हा प्रयोग त्याच्या साधेपणामुळे फार आवडतो.

ही झाली जमिनीवरची गोष्ट. जमिनीखाली एक वेगळाच व्यवहार मोडतो. बहुतेक गवतांच्या मुळांत मायकोरायझा नावाची बुरशी राहते. तिचे धागे मुळांना जाता येणार नाही अशा बारीक फटींतून स्फुरद (फॉस्फरस) आणतात आणि त्या बदल्यात झाड त्यांना साखर देतं. आयतं खत मिळायला लागलं की झाड साखर देताना हात आखडतं. ‘न्यूट्रिएंट नेटवर्क’ या जागतिक प्रयोगातल्या २५ गवताळ प्रदेशांची माती तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला तो हाच: नत्र आणि स्फुरद घातल्यावर मायकोरायझा घटली, कमी अन्नावर संथ जगणारे जिवाणू मागे पडले आणि भराभर खाऊन भराभर वाढणारे पुढे आले. शिवाय अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. त्याने मातीतलं कॅल्शियम धुऊन जातं, आम्लता फार वाढली तर ॲल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांना बाधतं.

खत थांबवलं की सगळं पूर्ववत होतं का? याचं उत्तर शोधायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. सुदैवाने स्वित्झर्लंडमध्ये एक जुना प्रयोग शिल्लक आहे. इंटरलाकेनहून टूरवाले दाती रुळांच्या छोट्या गाडीने ज्या शिनिगे प्लाटेला नेतात, तिथे सुमारे दोन हजार मीटर उंचीवर वर्नर ल्युडी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३० मध्ये वाफे आखले. गुरं तोंड लावत नाहीत अशा राठ नार्डस गवताचं कुरण सुधारावं, हा त्याचा हेतू. काही वाफ्यांना नत्र-स्फुरद-पालाश दिलं, काहींत मातीची आम्लता कमी करायला चुना टाकला. काही वर्षांनी ते देणं बंद झालं. जवळपास सत्तर वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा चुना टाकलेल्या वाफ्यांतली माती शेजारच्या मातीपेक्षा अजूनही कमी आम्ल होती, वरची झाडं वेगळी होती आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांची जमातही वेगळी होती. चुना टाकणारा हात केव्हाच गेला होता.

हेच हिमालयात प्रयोगाविना दिसतं. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत्राने रान खतावतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य देतो. उत्तराखंडच्या बुग्यालांवरही, म्हणजे उंचावरच्या कुरणांवरही, मेंढपाळांचे कळप वर्षानुवर्षं त्याच त्या सपाटीवर बसतात, पण तिथे पुढे पीक काढायचं नसतं. सगळीकडे बुटकी रंगीत फुलं आणि मध्येच रुंद पानांचं गर्द हिरवं रान दिसलं, की ओळखावं, इथे कळप बसतो. ते रान बहुतेकदा रुमेक्स नेपालेन्सिसचं असतं, आपल्या आंबट चुक्याच्या भाऊबंदांपैकी. आल्प्समध्ये गुराख्यांच्या झोपड्यांभोवती त्याच कुळातला रुमेक्स आल्पिनस असाच माजतो आणि झोपडी ओस पडल्यावरही कित्येक दशकं हटत नाही.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, तेव्हा कचऱ्याची चर्चा झाली ती मुख्यतः प्लास्टिकची. मला तंबूंमागे खणलेल्या संडासाच्या खड्ड्यांची जास्त धास्ती वाटते. प्लास्टिक पोत्यात भरून खाली आणलेलं मी पाहिलंय. एका मोसमात शे-दोनशे माणसांचं मलमूत्र त्याच चार खड्ड्यांत मुरलं, तर तिथल्या मातीला मिळालेलं नत्र चिमटीत मोजण्यासारखं उरत नाही, आणि ते खणून परत नेण्याची सोय कुठल्याच ट्रेकमध्ये नसते.