चक्रीय अर्थव्यवस्थेतील ग्राहक

चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू फेकून न देता तिचा माल पुन्हा पुन्हा वापरात आणणाऱ्या व्यवस्थेत, ग्राहकाकडे दोन कामे येतात : वस्तू शक्य तितका काळ वापरात ठेवणे आणि ती निकामी झाली की कारखान्याला चालेल अशा अवस्थेत परत देणे. पहिले काम अधिक मोलाचे. कारण पुनर्चक्रणालाही वीज व पाणी लागते, आणि कागदाचे तंतू तर दर फेरीत आखूड होत जातात.

टिकाऊपणाचा निर्णय दुकानातच होतो. सुटे भाग मिळतात का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे. मिक्सर ‘गेला’ असे वाटते तेव्हा बऱ्याचदा भांड्याखालचा कपलर (भांडे मोटरला जोडणारा छोटा भाग) झिजलेला असतो. तो बदलला की काम भागते. मात्र जुने वापरून वाचलेल्या पैशांत आणखी नवे घेतले, तर फायदा उरत नाही.

परत देण्यात बहुतेक चुका मिसळण्याच्या असतात. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे कचरावेचकांचे असतात. रद्दीवर आमटी सांडली की त्यांच्या मालाचा भाव थेट पडतो. पिझ्झाचा तेलकट खोका आणि दुकानाची गुळगुळीत थर्मल (उष्णतेने छापलेली) पावतीही रद्दीत टाकू नये.

पेट (पीईटी, पाण्याच्या बाटलीचे पारदर्शक प्लॅस्टिक) बाटली रिकामी करून विसळावी व चेपावी. झाकणाची काळजी नको : कारखान्यात बाटलीचे तुकडे पाण्यात टाकतात, तेव्हा पेट (घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट) बुडते आणि झाकणाचे हलके प्लॅस्टिक तरंगते. खरी अडचण बाटलीवरच्या पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या आवरणाची. तेही बुडते, पाण्यात वेगळे होत नाही. पेट वितळवताना, 250 अंश सेल्सिअसच्या पुढे, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि पेट पिवळे, ठिसूळ पडते. म्हणून बाटलीला घट्ट बसवलेली छापील पिशवी कापून काढणे चांगले.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते घरी कितीही धुतले तरी वेगळे होत नाहीत, त्यामुळे भंगारवाला सहसा ते घेत नाही. इथे ग्राहकाला बोल लावण्यात अर्थ नाही. दोष रचनेचा आहे. तो माल कमी घेणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.

ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुना फोन नोंदणीकृत केंद्रात देण्यापूर्वी माहिती पुसावी, सिम व मेमरी कार्ड काढावे. सुट्या लिथियम बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये आणि सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये : कचरागाडीत माल दाबला जाताना तिचे आतले थर एकमेकांना टेकतात आणि ती पेट घेते.