आशियाई क्रीडा स्पर्धांतील भारतीय रोइंग संघ

आशियाई क्रीडा स्पर्धांतील रोइंग (वल्ह्यांच्या नौकांच्या) शर्यतींत उतरणारा भारताचा राष्ट्रीय संघ. निवड रोइंग फेडरेशन ऑफ इंडिया (स्थापना १९७६) करते. या स्पर्धांत रोइंगचा समावेश प्रथम १९८२ मध्ये, नवी दिल्लीच्या स्पर्धांच्या वेळी झाला. शर्यती मात्र दिल्लीत न होता जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या. हा तलाव पुढे कोरडा पडला. संघाला आजवर दोन सुवर्णपदके मिळाली आहेत : ग्वांगझू (२०१०) आणि पालेमबांग (२०१८).

उगम : भारतातील आधुनिक रोइंगचा आरंभ सामान्यतः कलकत्ता रोइंग क्लबपासून (१८५८) धरतात. त्यानंतर मद्रास बोट क्लब (१८६७) आणि पुण्यातील रॉयल कॉनॉट बोट क्लब (१८६८) निघाले. ही वर्षे बहुतांशी त्या त्या क्लबांनी जपलेल्या परंपरेवर आधारलेली असल्याने ती स्थूलमानानेच घ्यावीत. क्लब निघण्यापूर्वीही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हौशी शर्यती होत असाव्यात. राष्ट्रीय संघाची सुरुवात कोठून धरायची, हा प्रश्न अधिक अवघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली मद्रास–कोलंबो शर्यत दोन देशांच्या क्लबांमधील असल्यामुळे तिला आंतरराष्ट्रीय म्हणता येईल. मात्र तीत उतरणारे वल्हेकरी क्लबाचे असत, देशाचे नव्हेत. शिवाय त्या काळी दोन्ही बाजूंना युरोपीय सभासदांचाच भरणा होता. त्यामुळे १९७६ पूर्वीच्या नौकांना ‘भारतीय संघ’ म्हणण्यापेक्षा १९८२ ही सीमारेषा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

केरळमधील वळ्ळम कळी (सर्पनौकांच्या शर्यती) किंवा कोकणातील होड्यांच्या शर्यतींशी या खेळाचे नाते जोडण्याचा मोह होतो; तांत्रिकदृष्ट्या ते टिकत नाही. सर्पनौकेतील वल्हेकरी पुढे तोंड करून बसतो आणि वल्हे दोन्ही हातांत मोकळे धरतो. रोइंगमध्ये वल्हे नौकेच्या कडेबाहेर काढलेल्या चौकटीवर, म्हणजे रिगरवर टेकलेले असते, खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो आणि सरकत्या आसनामुळे खेचण्याचे बरेचसे बळ पायांतून येते. हात आणि पाठ त्यानंतर कामाला येतात.

शर्यतीचे प्रकार : एका खेळाडूने दोन वल्ही चालविल्यास स्कलिंग आणि एकच मोठे वल्हे दोन्ही हातांनी चालविल्यास स्वीप असे दोन मुख्य भेद आहेत. स्कलिंगमध्ये एकेरी, दुहेरी व चौघांची क्वाड्रपल स्कल्स. स्वीपमध्ये जोडी, चौघांची आणि आठांची नौका. आठांच्या नौकेत सुकाणू सांभाळणारा कॉक्स असतो. एकेरी नौकेचे किमान वजन १४ किग्रॅ., क्वाड्रपलचे ५२ किग्रॅ. ठरलेले आहे. अंतर २,००० मीटर. हलक्या वजनगटात पुरुष खेळाडूचे वजन ७२.५ किग्रॅ. पेक्षा जास्त चालत नाही आणि चमूची सरासरी ७० किग्रॅ. च्या आत लागते. उंची व वजन यांत कमी पडणाऱ्या आशियाई देशांना हा गट सोयीचा ठरला. भारताची अनेक पदके याच गटातील आहेत.

रोइंगमधील वेळांवरून निष्कर्ष काढताना जपावे लागते. पालेमबांगला भारतीय क्वाड्रपल चमूने ६ मि. १७.१३ से. वेळेत सुवर्ण मिळविले. हांगझू येथील स्पर्धेत (२०२३) भारतीय क्वाड्रपल ६ मि. ०८.६१ से. घेऊन तिसरी आली. म्हणजे साडेआठ सेकंद वेगवान चमूला कांस्यपदक मिळाले. यातून प्रगती मोजणे चुकीचे ठरेल, कारण वाऱ्याची दिशा एवढी बदलली तरी वेळेत यापेक्षा मोठा फरक पडतो. म्हणूनच या खेळात वेळेपेक्षा क्रमांकाला महत्त्व दिले जाते.

पालेमबांग, २०१८ : शर्यती जकाबारिंग तलावात झाल्या. २३ ऑगस्टचा दिवस भारताला निराशाजनक गेला. एकेरी स्कल्सच्या अंतिम फेरीत दत्तू भोकनळ सहावा आला. दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्या चमूने क्वाड्रपल स्कल्समध्ये इंडोनेशिया व थायलंड यांना मागे टाकले. त्याच दिवशी दुष्यंतने हलक्या वजनगटातील एकेरीत, तर रोहित कुमार व भगवान सिंग यांनी त्याच गटातील दुहेरीत कांस्यपदके मिळविली. एकेरीत हरलेल्या खेळाडूने एका रात्रीनंतर सांघिक नौका सुवर्णापर्यंत नेण्यात भाग घ्यावा, हे या खेळात वाटते तितके विरळ नाही : एकेरीत थकवा लपत नाही, चौघांत लय सापडली तर तो वाटला जातो.

भोकनळ नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही गावचा. हा तालुका अवर्षणप्रवण. त्याचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यानंतर तो वल्हे मारायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. हे उदाहरण अपवादात्मक नाही. स्वर्ण सिंग व सुखमीत सिंग पंजाबच्या मानसा जिल्ह्यातील, ग्वांगझूचा सुवर्णविजेता बजरंगलाल ताखर राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातील. समुद्रकिनाऱ्याचा किंवा मोठ्या नद्यांचा वारसा येथे फारसा दिसत नाही. सैन्यदल उंची व बांधा पाहून जवान निवडते आणि नौकेत बसविते, हेच खरे कारण आहे. पुण्यात दापोडी येथील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात आर्मी रोइंग नोड हे सैन्याचे प्रशिक्षण केंद्र असून अनेक राष्ट्रीय खेळाडू तेथेच घडले. संगमाजवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची (२०२२ पासून विद्यापीठ) १९२८ पासूनची रेगाटा (नौकाक्रीडांचा सोहळा) पुणेकरांना जास्त परिचित असली, तरी तिचे स्वरूप प्रामुख्याने महाविद्यालयीन आणि प्रेक्षणीय आहे.

इतर स्पर्धा : ताखरने २००६ मध्ये दोहा येथे एकेरीत रौप्यपदक आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथे भारताचे या खेळातील पहिले आशियाई सुवर्णपदक मिळविले. ग्वांगझूत प्रतिमा पुहाना व प्रमिला प्रवा मिंज यांनी जोडी प्रकारात मिळविलेले कांस्य हे या खेळात भारतीय महिलांचे पहिले आशियाई पदक. इंचॉन (२०१४) येथे तीन कांस्यपदके मिळाली. हांगझूत दोन रौप्य व तीन कांस्य अशी पाच पदके आली. त्यांत आठांच्या नौकेचे आणि अर्जुनलाल जाट व अरविंद सिंग यांचे हलक्या वजनगटातील दुहेरीचे रौप्य होते.

ऑलिंपिकमध्ये भारतीय रोइंगपटू प्रथम २००० साली सिडनी येथे उतरले (कासम खान व इंदरपाल सिंग). जाट व अरविंद यांनी टोकियोत हलक्या वजनगटातील दुहेरीत मिळविलेले अकरावे स्थान हे भारताचे आजवरचे सर्वोत्तम. पॅरिसनंतर (२०२४) हा वजनगट ऑलिंपिकमधून वगळण्यात आला असून २०२८ साठी त्याऐवजी किनारी रोइंगचा समावेश केला आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या, लाँग बीच येथे होणाऱ्या नेहमीच्या शर्यतीही २,००० ऐवजी १,५०० मीटरच्या ठेवल्या आहेत.