देश सिंगापूरचा, सातबारा मलेशियाचा: रेल कॉरिडॉरची पार्श्वभूमी

दक्षिणेला तंजोंग पगार, उत्तरेला वुडलँड्स आणि मध्ये 24 किलोमीटरची हिरवी पट्टी: सिंगापूरचा रेल कॉरिडॉर, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गाची झालेली पाऊलवाट. रविवारी सकाळी बुकित तिमाह स्टेशनपाशी पोहोचलात तर चालणारे, सायकलवाले, कुत्र्यांना फिरवणारे यांची बऱ्यापैकी गर्दी दिसते, आणि त्यात मराठीही कानावर पडते. बहुतेक जण तिथून हिलव्ह्यूपर्यंतचा 4 किलोमीटरचा तुकडा चालतात, वाटेतल्या दोन जुन्या लोखंडी पुलांवर फोटो काढतात आणि नाश्त्याला निघून जातात. अख्खी लांबी चालणारे थोडे. उत्तरेकडे सावली तुटक होते, कारखान्यांची वस्ती लागते आणि दहानंतरचे ऊन व दमटपणा चांगलाच जिरवतो.

ही वाट म्हणजे सिंगापूरच्या नियोजनाच्या दूरदृष्टीचा नमुना, असे पर्यटकांना सांगितले जाते. ते अर्धेच खरे. ही जमीन मोकळी राहिली त्याचे मोठे श्रेय दोन शेजारी सरकारांनी वीस वर्षे घातलेल्या घोळाला जाते.

मूळ रेल्वे 1903 ची, टँक रोड ते क्रांजी. तिथून पुढे समुद्रापलीकडच्या, आज मलेशियात असलेल्या जोहोरला बोटीने जावे लागे. 1918 च्या एका वटहुकमाने ती आणि तिच्याखालची जमीन मलाया द्वीपकल्पातल्या संघराज्याच्या रेल्वेकडे गेली. जमिनीचा भाडेपट्टा 999 वर्षांचा. तेव्हा दोन्हीकडे राज्य इंग्रजांचेच, त्यामुळे कागद कोणाच्या नावावर आहे याने कोणाचे काही अडत नव्हते. 1923 मध्ये जोहोरला जोडणारा समुद्रातला बांध झाला, 1932 मध्ये मार्ग वळवून तंजोंग पगारचे देखणे स्टेशन उभे राहिले. त्याच्या दर्शनी भिंतीवर संगमरवराच्या चार उंच मूर्ती आहेत: शेती, उद्योग, व्यापार आणि दळणवळण. रेल्वेच्या नावाची चार आद्याक्षरेही तिथेच कोरलेली आहेत.

पुढे 1965 उजाडले, सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले आणि त्या जुन्या कागदाला अचानक किंमत आली. देश सिंगापूरचा, पण त्याच्या पोटातून आरपार गेलेल्या पट्टीचा सातबारा मलेशियाच्या नावावर. सिंगापूरने उन्नत मार्ग बांधले, भुयारे खणली, आख्खी उपनगरे वसवली. या पट्टीपाशी आले की मात्र शेजाऱ्याला विचारावे लागे. उत्तरेकडे तर अगदी शेवटपर्यंत रस्त्यांवर फाटके पडत आणि गाडी जाईपर्यंत मोटारी थांबत. बुकित तिमाहला सिंगल लाइनचे टोकन, म्हणजे एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून द्यायची खूण, बदलले जाई. मोठ्या कड्याला अडकवलेले टोकन स्टेशनवरचा माणूस हात उंचावून धरी, ड्रायव्हर ते चालत्या गाडीतून उचली आणि आपल्याकडचे खाली देई. ऑटोमॅटिक मेट्रो धावणाऱ्या शहरात हा प्रकार 2011 पर्यंत चालू होता.

सगळ्याची गाठ आहे ती 27 नोव्हेंबर 1990 च्या करारात. सिंगापूरच्या पंतप्रधानांनी तो पद सोडण्याच्या आदल्या दिवशी केला. समोरून सही मलेशियाच्या अर्थमंत्र्यांची. करार म्हणण्यापेक्षा मुद्द्यांची यादीच ती. मलेशियाने तंजोंग पगारचे स्टेशन सोडून बुकित तिमाहला जायचे, मधली रेल्वेची जमीन सिंगापूरला परत मिळायची. बदल्यात तंजोंग पगार, क्रांजी आणि वुडलँड्स इथले तीन भूखंड एका संयुक्त कंपनीने विकसित करायचे. त्यात मलेशियाचा वाटा 60 टक्के, सिंगापूरचा 40.

कागदावर चोख. पण तो लागू कधीपासून? सिंगापूरचे म्हणणे, सही झाली त्या दिवसापासून. मलेशियाचे म्हणणे, स्टेशन हलवायचे आम्ही ठरवू तेव्हापासून; आणि ते कधी ठरवायचे हा आमचा प्रश्न. शिवाय मलेशियाच्या पंतप्रधानांना ही यादीच पसंत पडली नाही. बुकित तिमाहची जमीन संयुक्त विकासात का धरली नाही, हा त्यांचा आक्षेप. मग बोलणी, त्यांतून वाढीव भूखंडांची मागणी, पाणीपुरवठा आणि नव्या पुलाच्या वादांशी घातलेली सांगड, पुन्हा खोळंबा. गावाकडच्या भाऊबंदकीत बांधावरची बाभूळ दोन्ही भावांना तोडता येत नाही आणि ती आपली वाढत राहते, तसे या पट्टीचे झाले.

1998 मध्ये तर कहर झाला. सिंगापूरने 1 ऑगस्टपासून आपली पासपोर्ट तपासणी वुडलँड्सला, सीमेवर नेली. मलेशियाने आपली हलवायला नकार दिला. त्यामुळे तंजोंग पगारला गाडीत बसण्याआधी प्रवासी कागदोपत्री मलेशियात प्रवेश करी, मग सिंगापूरची सगळी लांबी कापून वुडलँड्सला पोहोचे आणि तिथे सिंगापूर सोडल्याची नोंद होई. मधल्या वेळात तो नेमका कोणत्या देशात असे, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा.

या काळात सिंगापूरचे कडवे समर्थक मलेशियाला अडेलतट्टू म्हणत. मला ते पटत नाही. शहराच्या ऐन मध्यातली जमीन ज्याच्या नावावर आहे, त्याने ती घाईने का सोडावी? आणि 1990 चा करार ठरल्याप्रमाणे लगेच अमलात आला असता, तर नव्वदच्या दशकातल्या बांधकामाच्या सपाट्यात या पट्टीचे रस्ते, टॉवर आणि कार पार्क झाले नसते याची हमी कोणी द्यावी? वाट वाचली ती अडवणुकीमुळे.

तोडगा निघाला तो पुढच्या पिढीच्या दोन पंतप्रधानांच्या भेटीत, मे 2010 मध्ये. स्टेशन थेट वुडलँड्सला न्यायचे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जमिनींची अदलाबदलही झाली: जुने तीन भूखंड आणि बुकित तिमाहचे आणखी तीन देऊन त्याबदल्यात मरीना साउथ आणि ओफिर-रोचोर भागातली मोक्याची जमीन संयुक्त कंपनीला मिळाली. विकास शुल्क भरायचे की नाही, यावर तेवढे एकमत होईना. ते प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि 2014 मध्ये मलेशियाच्या बाजूने निकाल लागला. सिंगापूरने तो निमूट मान्य केला.

अदलाबदल जाहीर झाल्यावर महिन्याभरातच एका निसर्गप्रेमी संस्थेने ही पट्टी सलग हिरवी ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. सरकारने तोवर तसे कोणतेही वचन दिलेले नव्हते, हे आज विसरले जाते.

30 जून 2011 च्या रात्री तंजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली. ती चालवायला खुद्द जोहोरचे सुलतान बसले होते. दुसऱ्या दिवसापासून 17 जुलैपर्यंत लोकांना रुळांवरून चालायची मुभा मिळाली आणि झुंबड उडाली. रूळ मलेशियाच्या मालकीचे, ते वर्षअखेरीपर्यंत उखडून परत करायचे होते; म्हणून रूळ असलेली वाट बघायची हीच संधी होती. आज लोखंड शिल्लक आहे ते लोखंडी पूल आणि बुकित तिमाह स्टेशन अशा मोजक्या ठिकाणी.

पुढचे सगळे तुकड्यातुकड्याने झाले. 2015 मध्ये आराखड्याची स्पर्धा झाली, एका जपानी वास्तुसंस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाने ती जिंकली. मग दक्षिण भागाखालून पिण्याच्या पाण्याची मोठी जलवाहिनी टाकायचे काम निघाले आणि वाट काही काळ पत्र्यांआड गेली. हिलव्ह्यूचा तुकडा मार्च 2021 मध्ये, डागडुजी केलेले बुकित तिमाह स्टेशन जुलै 2022 मध्ये खुले झाले. चिखल आणि गवतातून चालण्याची सवय असलेल्या जुन्या मंडळींना नवी आखीव पाऊलवाट, पायऱ्या आणि पाट्या फारशा रुचल्या नाहीत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना विचारले तर उत्तर वेगळे मिळते.

हिरवेपणाची हमी किती, हे 2021 च्या सुरुवातीला क्रांजीत दिसले. वाटेलगतचे सुमारे साडेचार हेक्टर रान पर्यावरणाचा अभ्यास पूर्ण होण्याआधीच साफ झाले. चूक झाली, असा खुलासा आला. तिथली झाडे बहुतांशी अल्बिझिया, म्हणजे मुळात बाहेरून आलेली आणि झपाट्याने वाढणारी, असेही सांगण्यात आले. जणू त्यामुळे ती तोडलेली मोजायची नाहीत. कॉरिडॉरची पट्टी स्वतः अरुंद आहे. तिला रान म्हणावे असे वाटते ते दोन्ही बाजूंच्या झाडीमुळे, आणि त्यातली बरीचशी जमीन कॉरिडॉरच्या हद्दीत येतच नाही. क्लेमेंटीजवळ, जुरोंगला जाणाऱ्या जुन्या रेल्वे फाट्यालगतच्या रानाबद्दल त्याच सुमारास लोकांनी सह्यांची मोहीम काढली, ती याच धास्तीने.