१५९–० : केल सँडरसनच्या अजिंक्य कारकिर्दीची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज कुस्तीचा विषय निघाला की एक आकडा हमखास येतो, १५९–०. आयोवा स्टेट विद्यापीठाचा केल सँडरसन १९९९ ते २००२ असे चार हंगाम मॅटवर उतरला आणि एकदाही हरला नाही. पहिल्या हंगामात ३९ कुस्त्या, पुढच्या तिन्ही हंगामांत ४०-४०. चार राष्ट्रीय विजेतेपदे, आणि चारही वेळा त्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट पैलवान तोच. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने कॉलेज क्रीडेतले सर्वांत थोर पराक्रम निवडले, तेव्हा जेसी ओवेन्सने १९३५ साली एका दुपारी केलेल्या जागतिक विक्रमांच्या खालोखाल सँडरसनचे नाव ठेवले.

या आकड्याचे खरे वजन कळायचे तर तीस-पस्तीस वर्षे मागे जावे लागते. सँडरसन जिथे शिकला त्याच विद्यापीठात हा पराक्रम त्याच्याआधी एकाच्या हातात येऊन अगदी शेवटच्या कुस्तीत निसटला होता.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो. तोवर कोणी कितीही कब्जा ठेवला तरी कुस्ती सुरूच. अमेरिकी कॉलेज कुस्तीतही दोन्ही खांदे मॅटला टेकवले की कुस्ती तिथेच संपते. पण तसे झाले नाही तर सात मिनिटांच्या लढतीत गुण मोजले जातात. खाली पाडले की गुण, खालून सुटला की गुण, खालचा उलटून वर आला की गुण. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलहून वेगळी अशी आणखी एक गोष्ट इथे आहे. वरचा पैलवान खालच्याला किती वेळ दाबून ठेवतो हे घड्याळावर मोजतात. दोघांच्या वेळेत एका मिनिटाचा फरक पडला, तर वर राहिलेल्याला शेवटी एक गुण जादा मिळतो. त्यामुळे इथे चपळाईइतकीच चिवटपणाची परीक्षा असते. पायात ताकद उरली नसताना कोणाला तरी अंगाखाली धरून ठेवणे म्हणजे काय, हे तालमीत घाम गाळलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो. विद्यापीठांचे संघ एकमेकांना भिडतात, प्रत्येक वजनी गटातून एकेक पैलवान उतरतो. अधूनमधून स्पर्धा, मग विभागीय अजिंक्यपद आणि मार्चमध्ये तीन दिवसांची राष्ट्रीय स्पर्धा. अभ्यास, परीक्षा, प्रवास आणि वजन सांभाळत विद्यार्थ्याला एका हंगामात तीस-चाळीस कुस्त्या खेळाव्या लागतात. एखाद्या दिवशी ताप असतो, एखाद्या दिवशी गुडघा दुखत असतो, एखाद्या दिवशी समोरचा आयुष्यातली सर्वांत चांगली कुस्ती खेळून जातो. चार वर्षे हरायचेच नाही म्हणजे यातला एकही दिवस आड येऊ द्यायचा नाही. हे इतके दुर्मीळ का, ते इथेच कळते.

ही राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा १९२८ मध्ये भरली, तीही आयोवातल्या एम्स गावी, म्हणजे पुढे सँडरसन जिथे शिकला तिथेच. सुरुवातीच्या काळावर ओक्लाहोमाचे राज्य होते. तिथले प्रशिक्षक एड गॅलाघर अभियांत्रिकी शिकलेले. तरफ, तोल, वजनाचा रोख या गोष्टी त्यांनी डावांना लावून पाहिल्या आणि त्यांच्या संघांनी विजेतेपदांची रांग लावली. पुढे त्याच राज्यातल्या, पण गॅलाघरांच्या कॉलेजाहून वेगळ्या अशा ओक्लाहोमा विद्यापीठातून डॅनी हॉज आला. १९५५, ५६ आणि ५७ अशी तीन वर्षे तो राष्ट्रीय विजेता होता. ४६ कुस्त्या खेळला, सगळ्या जिंकल्या, त्यांतल्या ३६ चितपट. उभ्या कुस्तीत त्याला कॉलेजमध्ये कोणी खाली पाडलेच नाही. मुठीत सफरचंद दाबून फोडणारा पैलवान म्हणून तो अखेरपर्यंत ओळखला गेला. आज कॉलेज कुस्तीतला सर्वांत मानाचा वार्षिक पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेत नसत, म्हणून कारकीर्द तीनच वर्षांची होई. हॉजची तीन वर्षे आणि सँडरसनची चार वर्षे एकाच तराजूत घालणे मला बरोबर वाटत नाही. पण अजिंक्य राहता येते हे हॉजने दाखवून दिले होते, एवढे नक्की.

आणि मग डॅन गेबल. आयोवातल्या वॉटर्लू गावचा हा मुलगा शाळेत ६४ कुस्त्या खेळला आणि ६४ जिंकला. तो शाळेत असतानाच त्याच्या मोठ्या बहिणीचा घरात खून झाला. त्या घरात पुढे जे काही उरले ते कुस्तीभोवती उभे राहिले. आयोवा स्टेटमध्ये हॅरल्ड निकल्स यांच्या हाताखाली त्याने आणखी ११७ कुस्त्या सलग जिंकल्या. शाळा आणि कॉलेज मिळून १८१. मार्च १९७० मध्ये इव्हान्स्टनला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, १४२ पाउंड गटात, तो कॉलेजमधली शेवटची कुस्ती खेळायला उतरला. निकाल ठरलेलाच आहे असे सगळ्यांनी धरले होते.

समोर होता वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. हा मुद्दाम वजन उतरवून त्या गटात आला होता, आणि गेबलला हरवायलाच आलो आहे असे त्याने उघड सांगितले होते. कुस्ती सुरू झाली तशी ओविंग्जने आघाडी घेतली. गेबलने हळूहळू गुण खेचून आणले आणि शेवटच्या मिनिटात तो १०–९ असा पुढे होता. इथे मोठमोठे पैलवान काय करतात? अंग आखडून घेतात, वेळ काढतात. ओविंग्जने उलट धडक दिली, गेबलला खाली घेतले आणि पाठ मॅटकडे वळवली. पाडल्याचे दोन आणि पाठ वळवल्याचे दोन असे चार गुण एका झटक्यात गेले. वर राहिल्याच्या वेळेचा एक गुण गेबलला मिळाला, तरी निकाल १३–११ लागला. शाळा आणि कॉलेज मिळून हरलेली त्याची ही पहिली कुस्ती, आणि नेमकी शेवटची.

त्यानंतर गेबलने जे केले ते सर्वश्रुत आहे. १९७१ मध्ये सोफियाला जागतिक सुवर्ण. १९७२ मध्ये म्युनिकला ऑलिंपिक सुवर्ण, तेही सबंध स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता. पुढे शेजारच्या आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली, त्यांतली नऊ सलग. एवढे सगळे मिळाले तरी आयोवातल्या जुन्या लोकांसमोर नाव काढले की बोलणे ओविंग्जच्या कुस्तीवर येतेच. एम्सच्या सराव-मॅटवर पुढच्या प्रत्येक पिढीला हा वारसा मिळाला. ११७ जिंकूनही ११८वी हरता येते.

अमेरिकी कुस्तीचा आपल्याशी एक धागा आहे, तो इथेच सांगतो. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या तयारीत त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगीराचे मार्गदर्शन मिळाले, आणि मॅटचा फारसा अनुभव नसताना ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तिकडे अमेरिकेत त्याच सुमाराला विद्यापीठे प्रशिक्षक, प्रवास, डॉक्टर आणि शिष्यवृत्ती पुरवत होती. एका प्राचार्याचे काळीज मोठे असणे आणि व्यवस्था असणे यांत फार अंतर आहे, आणि खाशाबांचे कांस्यपदक त्या अंतरासकट मोजावे असे मला मनापासून वाटते.

आता सँडरसनच्या उंबरठ्यावर येऊ. तो युटा राज्यातल्या हेबर सिटीचा. वडील स्टीव्ह शाळेत कुस्तीचे प्रशिक्षक. चार भाऊ, चौघेही पैलवान. कोडी आणि कोल हे भाऊ त्याच्याआधी आयोवा स्टेटला गेलेले, म्हणून केलही तिथेच गेला. शाळेत तो चार वेळा राज्य विजेता ठरला होता. प्रशिक्षक होते बॉबी डग्लस, ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कुस्ती संघाचे नेतृत्व केलेले पहिले कृष्णवर्णीय मल्ल.

१९९७–९८ हे वर्ष त्याने संघाबाहेर काढले. तिकडे विद्यार्थ्याला एक वर्ष राखून ठेवता येते. तो संघासोबत सराव करतो, खुल्या स्पर्धांत वैयक्तिक उतरतो, पण त्या कुस्त्या कॉलेजच्या खात्यात धरल्या जात नाहीत. त्या वर्षी सँडरसन हरलासुद्धा, एकदा नव्हे, अनेकदा. १५९–० लिहिताना ही ओळ बहुतेक वेळा गळते. मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटते. शाळेतून आलेल्या पोराला मोठ्या अंगाच्या, चार वर्षे मुरलेल्या मल्लांनी रगडले, आणि त्यात आपले काय कमी पडते हे शिकायला त्याला पुरते एक वर्ष मिळाले. हरण्याला मोकळीक देणारे ते वर्ष नसते, तर पुढचा आकडाही नसता.

त्याच हिवाळ्यात कॉलेज कुस्तीवर मोठा आघात झाला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अवघ्या काही आठवड्यांत, वजन उतरवताना तीन विद्यार्थी पैलवान मरण पावले. रबरी पोशाख अंगात घालून, गरम खोलीत, पाणी न पिता व्यायाम करून वजन पाडायचे ही तेव्हाची सर्रास रीत होती. पैलवान आदल्या दिवशी वजन देत आणि रात्रभरात पाणी पिऊन, खाऊन ते भरून काढत. तीन कोवळी पोरे गेल्यावर नियम बदलले. रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, वजन लढतीच्या जवळ घ्यायचे ठरले आणि वजनी गट वर सरकवले गेले. १७७ चा गट १८४ झाला, १९० चा १९७. सँडरसन पहिली तीन वर्षे १८४ पाउंडात, म्हणजे सुमारे साडेत्र्याऐंशी किलोत खेळला आणि शेवटचे वर्ष १९७ मध्ये. त्याची सबंध कारकीर्द नव्या नियमांखाली घडली. ते नियम लवकर आले असते तर ती तीन मुले वाचली असती, आणि हे या इतिहासात ठळकपणे लिहिले जायला हवे.

सँडरसनची कुस्ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी एक डाव सांगतो. त्याची ओळख होती घोटा उचलण्याची. मानेवर हात ठेवून तो समोरच्याला ओढत, फिरवत राही. तोल सांभाळायला समोरच्याने एक पाय पुढे टाकला, त्यावर भार आला, की त्याच क्षणी मान त्या पायाकडे दाबायची आणि मोकळ्या हाताने घोटा ओढायचा. पट काढायला जसे अंग आत घालावे लागते तसे यात काहीच नाही, म्हणून उलटा डाव बसण्याची धास्तीही कमी. सगळ्यांना माहीत असायचे की हा घोट्याकडे जाणार, तरी घोटा जायचा. आणि एकदा पाडले की तो थांबत नसे. सोडायचा, पुन्हा पाडायचा, पुन्हा सोडायचा. आघाडी राखत बसणे त्याच्या स्वभावात नव्हते.

१९९९ मध्ये पहिल्याच प्रयत्नात मिनेसोटाच्या ब्रँडन एगमला ६–१ ने हरवून तो विजेता झाला. २००० मध्ये सेंट लुइसला व्हर्टस जोन्सवर १९–६. अंतिम फेरीत असा निकाल सहसा दिसत नाही. २००१ ची स्पर्धा आयोवा सिटीत होती, म्हणजे गेबल जिथे प्रशिक्षक होता त्या आयोवा विद्यापीठाच्या गावी. तिथे अंतिम फेरीत ओक्लाहोमा स्टेटचा डॅनियल कॉर्मिए आला, जो पुढे मिश्र मार्शल आर्ट्समध्ये जगज्जेता झाला. तो त्या वर्षांत सँडरसनसमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा हरला. अंतिम निकाल ८–४. यशाची खात्री नसताना असे भिडत राहणाऱ्या कॉर्मिएसारख्यांचाही या आकड्यात वाटा आहे.

मग मार्च २००२, न्यूयॉर्क राज्यातले ऑल्बनी. खात्यावर १५८–०, शेवटची कुस्ती, समोर लीहाय विद्यापीठाचा जॉन ट्रेंज. गेबलची सारी कहाणी प्रेक्षकांच्या मनात. सँडरसनने ती कुस्ती १२–४ ने मारली. संघाला मात्र त्या चार वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळाले नाही.

फ्रीस्टाइलमध्ये वाट इतकी सरळ नव्हती. २००३ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत रशियाच्या साझिद साझिदोव्हकडून हरला. २००४ मध्ये अथेन्सला ८४ किलो गटात क्यूबाच्या योएल रोमेरोला उपांत्य फेरीत मागे टाकून आणि कोरियाच्या मून उइ-जेला ३–१ ने हरवून त्याने सुवर्ण जिंकले. नंतर थांबला. २०११ मध्ये एकदा परत उतरला आणि इस्तंबूलच्या जागतिक स्पर्धेत पाचवा आला.

प्रशिक्षक म्हणून त्याने आधी आयोवा स्टेट सांभाळले, २००९ मध्ये पेन स्टेटला गेला. त्या विद्यापीठाकडे तोवर १९५३ चे एकच सांघिक विजेतेपद होते. २०११ ते २०२५ या काळात सँडरसनच्या हाताखाली त्यांनी १२ मिळवली. चार वेळा राष्ट्रीय विजेता झालेला पैलवान सँडरसनच्या आधी एकच होता, पॅट स्मिथ. नंतर काइल डेक, लोगन स्टीबर, यानी दियाकोमिहालिस आणि पेन स्टेटचा आरन ब्रूक्स झाले. पेन स्टेटच्याच कार्टर स्टारोचीने तर करोनामुळे मिळालेल्या जादा वर्षाचे सोने करत २०२५ मध्ये पाचवे विजेतेपद घेतले. यांतल्या प्रत्येकाच्या खात्यावर कधी ना कधी हरलेली कुस्ती आहे. स्टारोची आणि ब्रूक्स जिंकले तेव्हा त्यांच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला माणूस सँडरसनच होता.