छोटी, परवडणारी आणि देखणी: तरुणांच्या गाडीची शंभर वर्षं

रेनॉ कंपनीने २०२४ मध्ये विजेवर चालणारी एक छोटी गाडी विक्रीला आणली आणि तिला नाव दिलं 'रेनॉ ५'. हे नाव १९७२ सालचं. फियाटने '५००' परत आणली ती २००७ मध्ये, मुद्दाम ४ जुलैला, कारण मूळ गाडी १९५७ मध्ये त्याच तारखेला आली होती. बीएमडब्ल्यूने 'मिनी' २००१ मध्ये नव्याने घडवली. तरुणांना भुरळ घालेल आणि खिशालाही झेपेल अशी छोटी गाडी करायची म्हटलं की कंपन्या आजी-आजोबांच्या तरुणपणातल्या गाड्यांकडे वळतात. असं का होतं, याचं उत्तर त्या मूळ गाड्यांच्या जन्मकथेत आहे. आणि ती कथा वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की त्यातल्या बहुतेक गाड्या तरुणांसाठी केलेल्याच नव्हत्या.

१९२१ मध्ये इंग्लंडची ऑस्टिन कंपनी आर्थिक संकटात होती. हर्बर्ट ऑस्टिन यांना अगदी लहान गाडी काढायची होती, पण संचालक मंडळाचा त्याला विरोध होता. मग त्यांनी कारखान्यातल्या स्टॅन्ली एज या १८ वर्षांच्या ड्राफ्ट्समनला घरी बोलावून घेतलं. बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी आराखडे काढले आणि १९२२ मध्ये 'ऑस्टिन सेव्हन' आली. तोवर कमी पैशात कुटुंबाला फिरायचं तर साइडकार लावलेली मोटरसायकल किंवा तसलंच काही तकलादू वाहन हाच पर्याय होता. सेव्हन मात्र खरीखुरी मोटार होती, फक्त आकाराने आटोपशीर. १९३९ पर्यंत जवळजवळ तीन लाख गाड्या निघाल्या. तरुणांच्या हाती ती पोचली ती पुढे, जुन्या बाजारातून. लोटस कंपनी उभारणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये आपली पहिली स्पर्धेची गाडी एका जुन्या सेव्हनवरच बांधली. न्यूझीलंडमध्ये, पुढे मॅक्लॅरन हा शर्यतीचा संघ उभारणारे ब्रूस मॅक्लॅरन किशोरवयात शर्यतीत उतरले तेही ऑस्टिन सेव्हन घेऊनच. स्वस्तात मिळणारी, घरच्या घरी खोलता येणारी आणि मोडली तरी फार हळहळ न वाटणारी गाडी हातात पडली की तरुण तिचं काय करतात, हे पहिल्यांदा दिसलं ते इथे.

युद्धानंतरच्या इटलीत रस्त्यावर स्कूटरचं राज्य होतं. स्कूटरवरून चारचाकीवर येणाऱ्या माणसासाठी फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी १९५७ मध्ये 'नुओवा ५००' केली. लांबी तीन मीटरपेक्षा थोडी कमी, मागे हवेवर थंड होणारं ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद १३ अश्वशक्ती. टपाचा मोठा भाग पत्र्याचा नसून कापडी होता. त्याने पोलाद वाचलं, इंजिनाचा आवाज आत घुमायचा तो कमी झाला आणि उन्हाळ्यात टप मागे गुंडाळून आकाशाखाली गाडी चालवायची सोयही झाली. काटकसरीपोटी आलेली वस्तू हीच गाडीची सर्वात हवीहवीशी गोष्ट ठरली.

सुरुवात मात्र अडखळत झाली. पहिल्या गाड्यांच्या दारांच्या काचा खाली होत नव्हत्या आणि मागे धड बैठक नव्हती. लोकांनी पाठ फिरवली, तेव्हा काही महिन्यांतच फियाटला काचा खाली-वर करायची सोय द्यावी लागली आणि ताकदही वाढवावी लागली. लोक साधेपणा आनंदाने घेतात, पण कंपनी आपल्याला कमी लेखते आहे असा वास आला की गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ही चूक पुढे इतरांनीही केली.

मिनीची कथा थोडी सावकाश सांगायला हवी. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अभियंते अलेक इसिगोनिस यांच्याकडे कमी पेट्रोल पिणारी खरी छोटी गाडी मागितली. इसिगोनिस यांनी लांबी ठरवली जेमतेम १० फूट, आणि त्यातली ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला देण्याचा हट्ट धरला. त्यासाठी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या टाकीत घातला, चाकं फक्त १० इंची घेतली. आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवंच असतं आणि पुढची चाकं गाडी ओढतात. त्या मांडणीचं मोठं श्रेय मिनीकडे जातं.

पहिल्या मिनीच्या दाराकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. काच खाली-वर करायची यंत्रणाच नाही, काच सरकवायची. त्यामुळे दार आतून पोकळ राहिलं आणि तिथे एक भलामोठा कप्पा मिळाला. दार उघडायला आतून मूठ नाही, एक दोरी ओढायची. बिजागऱ्या बाहेर, पत्र्यांचे जोडही बाहेरच, कारण तसं केलं की वेल्डिंग सोपं जातं. यातलं काहीच सजावट म्हणून केलेलं नव्हतं, पण तोच त्या गाडीचा चेहरा झाला.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ती बाजारात आली, आणि तिच्या एका रूपाचं नाव पुन्हा 'ऑस्टिन सेव्हन' होतं. ज्या काटकसरी कुटुंबासाठी ती केली होती ते सुरुवातीला बिचकलं. तिला उचलून धरलं ते लंडनच्या कलावंत, श्रीमंत आणि नामवंत मंडळींनी. बीटल्सच्या चौघांकडेही मिनी होत्या. १९६१ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या सल्ल्याने जोरदार इंजिनाची 'मिनी कूपर' आली आणि १९६४, १९६५ व १९६७ मध्ये मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. आपल्या दुप्पट मोठ्या गाड्यांना घाटात मागे टाकणारं हे पिटुकलं वाहन विशीतल्या मुलामुलींना आपलं वाटलं नसतं तरच नवल. फोर्डने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, तेव्हा प्रत्येक गाडीमागे कंपनी तोटा सोसत असावी असा त्यांचा हिशोब निघाला. छोट्या गाडीचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे: तिच्यावर जीव लावणारे पुष्कळ, पण तिच्यातून पैसा मिळवणं कठीण.

सित्रोएनची १९४८ ची '२सीव्ही' फ्रान्सच्या शेतकऱ्यांसाठी होती, ती विद्यार्थ्यांची झाली. फोक्सवॅगनची 'बीटल' नाझी राजवटीत जन्मली, आणि साठच्या दशकात अमेरिकेतल्या बंडखोर तरुणांनी तिच्यावर फुलं रंगवली. दोन्ही गाड्यांचा आकार वर्षानुवर्षं तसाच राहिला, त्यामुळे जुनी गाडी जुनाट दिसत नव्हती आणि कमी पैशात घेतलेल्या गाडीत मिरवायला संकोच वाटत नव्हता. माझ्या मते तरुणांच्या गाडीच्या इतिहासातलं हे सर्वात दुर्लक्षित सूत्र आहे.

मुद्दाम देखणी काढलेली छोटी गाडी म्हणून 'रेनॉ ५' चं स्थान वेगळं. कंपनीतले तरुण डिझायनर मिशेल बुए यांनी हातातलं काम सांभाळून, आपल्या फावल्या वेळात, 'रेनॉ ४' च्या फोटोवर नव्या गाडीच्या रेषा काढल्या. त्या वरिष्ठांनी पाहिल्या आणि जवळजवळ तशाच उतरल्या. दारांना बाहेरून मूठ दिसत नाही, दाराच्या मागच्या कडेला खोबणीत बोटं घालून ते उघडायचं. चकचकीत धातूऐवजी करड्या प्लॅस्टिकचे बंपर, म्हणजे पार्किंगमध्ये धक्का लागला तरी मन खट्टू व्हायला नको. गाडी जानेवारी १९७२ मध्ये आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कर्करोगाने बुए गेले, चाळिशीही न गाठता. पुढे तिच्या ५० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. त्यातलं फारसं काही त्यांना बघायला मिळालं नाही, हे वाचून आजही वाईट वाटतं.

फोक्सवॅगनची १९७६ ची 'गोल्फ जीटीआय' वेगाच्या वाटेने गेली. ५ हजार गाड्यांचा बेत होता, पहिल्याच पिढीच्या चार लाखांवर विकल्या गेल्या. चौकटीच्या कापडाची आसनं आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या कंपनीतल्या डिझायनर गुनहिल्ड लिलियेक्विस्ट यांच्या कल्पना आजवर टिकून आहेत. या वाटेला खीळ घातली ती विम्याने. नव्वदीच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अशा वेगवान छोट्या गाड्यांचे हप्ते इतके चढले की तरुण मालकाला ते परवडेनात.

तरुणांनीच तरुणांसाठी गाडी करावी हा प्रयोग होंडाने जपानमध्ये केला. १९८१ च्या 'सिटी' वर काम करणाऱ्या गटाचं सरासरी वय २७ होतं. सगळे गाड्या बुटक्या आणि चपट्या करत असताना त्यांनी उंच, उभट गाडी केली. तिच्या डिकीत मावावी म्हणून 'मोटोकॉम्पो' नावाची ४९ सीसीची स्कूटरही केली. हँडल आणि आसन आत दुमडलं की तिचा चक्क चौकोनी डबा व्हायचा. गाडी गावाबाहेर लावायची आणि पुढच्या गल्ल्या स्कूटरवरून पालथ्या घालायच्या, ही कल्पना विशीतल्या डोक्यातूनच निघू शकते. निसानने त्यानंतर आपल्या साध्या 'मार्च' वर जुन्या वळणाचा नवा साज चढवून १९८७ मध्ये 'बी-१' आणली. फक्त १० हजार गाड्या केल्या आणि मागणी इतकी आली की सोडत काढावी लागली. १९९१ च्या 'फिगारो' चे चार रंग चार ऋतूंवरून घेतलेले होते. जुन्या रूपाचं आकर्षण नव्या यंत्रावर विकता येतं, हे मिनी आणि ५०० यांच्या पुनर्जन्माच्या कितीतरी आधी इथेच सिद्ध झालं होतं.

युरोपात १९९२ च्या पॅरिस प्रदर्शनात रेनॉची 'ट्विंगो' आली. विक्रीआधी ग्राहकांना दाखवली तेव्हा निम्म्या लोकांना ती अजिबात आवडली नाही, जेमतेम पाव लोक मात्र तिच्या प्रेमात पडले. अशा निकालावर बहुतेक कंपन्या रेषा सौम्य करतात. रेनॉच्या डिझाइन विभागाचे प्रमुख पात्रिक ल केमाँ यांनी अध्यक्षांना चिठ्ठी लिहून सर्वेक्षणापेक्षा अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवायला सांगितलं आणि अध्यक्षांनी तो ठेवला. एकच प्रकार, एकच इंजिन, चार रंग. निवडच नाही म्हणून खर्च कमी. तेच वाचलेले पैसे खरे उपयोगी पडतील तिथे घातले: मागची बैठक पुढे-मागे सरकायची आणि सगळ्या बैठका सपाट केल्या की गाडीत झोपता यायचं. ज्यांनी नाक मुरडलं त्यांच्यासाठी ती नव्हतीच.

याच्या उलट उदाहरण टोयोटाचं. अमेरिकेतल्या तरुणांसाठी कंपनीने २००३ मध्ये 'सायन' नावाचा अख्खा नवा ब्रँड उभा केला. किंमत ठरलेली, घासाघीस नाही, हवी ती सजावट जोडा. चौकोनी 'एक्सबी' गाजली आणि २००६ मध्ये विक्री पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मग पुढची एक्सबी मोठी, जड झाली, मंदी आली आणि २०१६ मध्ये ब्रँड बंद झाला. त्याच काळात होंडाने महाविद्यालयीन मुलांसाठी काढलेली 'एलिमेंट' मोठ्या संख्येने मध्यमवयीनांनी घेतली, कारण ती सामान भरायला आणि धुवायला सोपी होती. तरुणांचा अभ्यास करून बेतलेल्या गाडीकडे तरुण येतीलच असं नसतं.

भारतात २००८ मध्ये दाखवलेली टाटा 'नॅनो' रचनेने फियाट ५०० ची नातलगच: मागे दोन सिलिंडरचं इंजिन, तीन मीटरच्या आसपास लांबी आणि स्कूटरवरच्या कुटुंबाला चारचाकी द्यायची तीच तळमळ. ती आतून आश्चर्य वाटावं इतकी ऐसपैस होती. पण 'सर्वात स्वस्त' हा शिक्का बसला आणि पहिली गाडी घेणाऱ्याला अभिमानाने दाखवावं असं काही उरलं नाही. तसं मांडणं चुकलं, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केलं. १९५७ मध्ये फियाटने काही महिन्यांत सुधारलेली चूक इथे वेळेत सुधारता आली नाही.

गेल्या दहा वर्षांत तर हा वर्गच आक्रसत चालला आहे. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, वेगाची सूचना देणारी यंत्रणा अशा गोष्टी युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीच्या झाल्या. त्यामागचा हेतू योग्यच आहे, माणसं वाचतात. पण त्यांचे सेन्सर मोठ्या गाडीला जेवढे महाग तेवढेच छोट्या गाडीला, आणि छोट्या गाडीत तो खर्च लपवायला जागा नसते. फोर्डची 'फिएस्टा' १९७६ पासून चालू होती, ती जुलै २०२३ मध्ये थांबली. फोक्सवॅगनची 'अप' त्याच वर्षी गेली. दुसरीकडे तरुणांची गाडीची ओढही बदलली आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये १६ वर्षांच्या ४६ टक्के मुलामुलींकडे परवाना होता, २०१४ मध्ये तो एक चतुर्थांशाहून कमी जणांकडे होता.

म्हणून सित्रोएनने २०२० मध्ये आणलेल्या 'अमी' कडे मी आशेने पाहतो. कायद्याने ती मोटार नाही, हलकं चारचाकी वाहन आहे, त्यामुळे मोटारींचे बरेचसे नियम तिला लागू होत नाहीत. लांबी २.४१ मीटर, वेग ताशी ४५ किलोमीटर, एका चार्जिंगमध्ये साधारण ७५ किलोमीटर. फ्रान्समध्ये १४ वर्षांची मुलंही हलक्या वाहनांच्या परवान्यावर ती चालवू शकतात. खर्च वाचवण्यासाठी तिचं पुढचं आणि मागचं तोंड एकाच साच्यातून काढलंय, आणि डावं-उजवं दारही एकच आहे. एकच दार दोन्हीकडे बसवल्यामुळे शेजारच्याचं दार नेहमीसारखं उघडतं आणि चालकाचं उलटं, मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर, अगदी १९५७ च्या फियाटसारखं. खिडकीच्या काचेचा खालचा अर्धा भाग हाताने उचलून वर दुमडायचा, २सीव्हीत दुमडत असत तसाच. डॅशबोर्डवर मोठा पडदा नाही, चालकाने आपला फोन लावायला एक पकड आहे, एवढंच.