सीक्वेन्स (आयडीएल)

सीक्वेन्स हा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानक संस्थेच्या इंटरफेस डेफिनिशन लँग्वेजमधील, म्हणजेच प्रोग्राममधील इंटरफेसचे वर्णन करणाऱ्या आयडीएलमधील, एकाच प्रकारचे घटक क्रमाने ठेवणारा डेटा प्रकार आहे. ॲरेचा आकार घोषणेतच ठरतो, तर सीक्वेन्सची लांबी प्रोग्राम चालू असताना बदलू शकते. घोषणेत घटकाच्या प्रकारापुढे १० अशी मर्यादा दिल्यास सीक्वेन्स मर्यादित होतो. मर्यादा न दिल्यास तो अमर्याद मानला जातो. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे वेगवेगळे सदस्य एकत्र ठेवणाऱ्या प्रकारात, त्याच स्ट्रक्टचा सीक्वेन्स ठेवता येत असल्यामुळे वृक्षासारखी रचनाही पॉइंटरविना मांडता येते.

कोर्बामध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतील प्रोग्रामना नेटवर्कवरून जोडणाऱ्या याच संस्थेच्या मानकात, नेटवर्कवर आधी घटकांची संख्या सांगणारे ४ बाइट आणि त्यामागून घटक जातात. ३ लाँगचा, म्हणजे ४ बाइटच्या पूर्णांकांचा, सीक्वेन्स त्यामुळे १६ बाइट घेतो. मर्यादा मात्र पाठवली जात नाही.

खरी गुंतागुंत लँग्वेज मॅपिंगमध्ये, म्हणजे आयडीएलचे प्रकार एखाद्या प्रोग्रामिंग भाषेत कसे उतरवायचे याच्या नियमांत, आहे, कारण मेमरी कोणाच्या मालकीची याचे उत्तर प्रत्येक भाषा वेगळे देते. सी भाषेत कमाल क्षमता, सध्याची लांबी आणि बफरचा (घटक ठेवलेल्या मेमरीचा) पॉइंटर असे मुख्य सदस्य असलेला स्ट्रक्ट मिळतो आणि हिशेब प्रोग्रामरने ठेवायचा असतो. सी++ च्या मूळ मॅपिंगमध्ये सीक्वेन्सचा क्लास होतो. बाहेरचा बफर देताना, तो सीक्वेन्सने मोकळा करायचा का हे सांगणारा रिलीज फ्लॅग फॉल्स ठेवला, तर सीक्वेन्स तो बफर वापरतो, पण मोकळा करत नाही. समजा, असा ८ घटकांचा बफर अमर्याद सीक्वेन्सला दिला आणि नंतर लांबी ९ केली. तेव्हा नवा बफर घेतला जातो, जुने घटक त्यात उतरवले जातात, फ्लॅग ट्रू होतो आणि यापुढे सीक्वेन्समध्ये केलेले बदल मूळ बफरमध्ये दिसत नाहीत. संकेत म्हणून हे सुसंगत असले, तरी लांबी बदलणाऱ्या एका साध्या ओळीआड मालकी बदलते, हे कोड वाचताना सहज निसटते. सी++११ साठीच्या नंतरच्या मॅपिंगने अमर्याद सीक्वेन्ससाठी सी++ चा मानक व्हेक्टर (लांबी बदलू शकणारी यादी) स्वीकारून हा फ्लॅगच काढून टाकला.

जावामध्ये सीक्वेन्सचा साधा ॲरे होतो. ॲरेच्या प्रकारात मर्यादेची नोंद राहत नाही, म्हणून ती मार्शलिंगच्या, म्हणजे डेटा पाठवण्यासाठी बाइटमध्ये बदलण्याच्या, वेळी तपासली जाते आणि ओलांडलेली आढळल्यास मार्शल एक्सेप्शन येते. रिकाम्या सीक्वेन्ससाठी नल चालत नाही, शून्य लांबीचा ॲरेच द्यावा लागतो.