उभा निवडुंग आणि कोकणातला पाऊस

कोकणात निवडुंग टिकत नाही, असं रोपं विकणारेसुद्धा सांगतात. पावसाळ्याच्या तोंडावर आणलेलं हिरवंगार, दीड-दोन फुटांचं खोड गणपतीपर्यंत बुडाशी पिवळं पडतं, दाबलं तर बोट आत जातं आणि एके सकाळी ते आडवं झालेलं दिसतं. खापर फुटतं पावसावर. पण त्याच गावात कुणाच्या तरी गडग्याला लागून, चिऱ्यांच्या ढिगावर, तोच निवडुंग माणसाच्या दुप्पट उंच झालेला असतो. वर ना छप्पर ना प्लास्टिक. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तो उघड्या अंगावर घेतो. मग कुंडीतलाच का मरतो?

आधी ओळख पटवून घेऊ. कुंपणाला लावतात तो शेर आणि रानातला त्रिधारी निवडुंग हे खरे कॅक्टस नव्हेत. ते युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. जरा खरचटलं की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर इजा होते. खऱ्या कॅक्टसच्या खोडावरच्या धारा जवळून बघा. ठरावीक अंतरावर लोकरीसारखी एक बारीक गादी असते आणि काटे तिच्यातूनच फुटतात. पुढे फांदी आणि फूलही तिथूनच येतं. या गादीला अरिओल म्हणतात आणि ती फक्त कॅक्टसच्या कुळात असते. हे कूळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडांतलं. आपल्याकडे कुंडीत मिळणारा उंच, पाच-सहा ते आठ धारांचा खांब बहुतेक वेळा सेरियस असतो, दक्षिण अमेरिकेतला. निळसर खांब दिसला तर तो ईशान्य ब्राझीलचा पिलोसोसेरियस. त्याचा निळा रंग वरच्या मेणामुळे असतो, म्हणून खोडाला उगाच हात लावू नये. बोटाचे डाग कायमचे राहतात.

कॅक्टस म्हटलं की वाळवंट डोळ्यांपुढे येतं, पण सेरियसच्या सगळ्या जाती काही वाळवंटातल्या नाहीत. सेरियस फर्नांबुसेन्सिस तर ब्राझीलच्या किनाऱ्यावर, थेट समुद्राकाठच्या वाळूत वाढतो. खारा वारा, दमट हवा, धो धो पाऊस यांतलं काहीच त्याला परकं नाही. कोकणातल्या घराघरांत ब्रह्मकमळ म्हणून जे रात्री फुलतं तेही कॅक्टसच, मध्य अमेरिकेकडच्या दमट जंगलात झाडांवर वाढणारं. तेव्हा पाऊस आणि कॅक्टस यांचं हाडवैर आहे, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

खरी गोची त्याच्या पाणी वापरण्याच्या पद्धतीत आहे. जास्वंद दिवसा पानांची रंध्रं उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्या बदल्यात भरपूर पाणी हवेत सोडते. कॅक्टस हे काम रात्री करतो. रात्री रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींत साठवायचं. दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण उरकायचं. या युक्तीची एक जुनी चाहूल लागली ती भारतातल्या एका वनस्पतीवरून. इथे काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चावून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा गेलेला. त्याचं हे टिपण १८१५ साली लंडनमध्ये छापलं गेलं. तुमच्या परड्यात पानफुटी असेल तर फरक चाखायला दोन पानं पुरतात. निवडुंगावर मात्र हा प्रयोग नको.

याचा कुंडीशी संबंध असा. जास्वंद कुंडीतलं पाणी स्वतःच उपसून माती कोरडी करते. निवडुंग जवळजवळ काहीच उपसत नाही. त्याच्या कुंडीतलं पाणी जायचं ते खालच्या भोकातून किंवा वाफ होऊन. आषाढात हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ होणार कुठून? एकदा चिंब झालेली कुंडी आठवडेच्या आठवडे तशीच राहते. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी बसतं, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती मरायला लागतात आणि मेलेल्या मुळांतून कूज आत शिरते. ही कूज करणाऱ्यांपैकी एक फायटोफ्थोरा, बुरशीसारखा सूक्ष्म जीव. सुपारीच्या बागायतदारांना हे नाव नवीन नाही, कारण कोळेरोगही याच वंशातला. त्याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. चिंब माती म्हणजे त्यांना हमरस्ताच.

‘मग कुंडीच्या तळाशी खडे घाला’ हा सल्ला सगळे देतात. तो चुकीचा आहे आणि का ते घरीच बघता येतं. भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज पाण्यात पुरता भिजवा आणि आडवा धरा. गळायचा थांबला की न पिळता तसाच उभा करा. पुन्हा धार लागते. सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर नेहमी उरतोच, आणि त्याची उंची भोकं किती बारीक आहेत यावर ठरते. स्पंज उभा केला तरी थराची उंची तेवढीच राहते, फक्त तळ लहान होतो. म्हणून जादा पाणी बाहेर पडतं. कुंडीतही हेच होतं. वर बारीक माती आणि खाली खडे असतील, तर माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही. गच्च थर नाहीसा होत नाही, उलट खड्यांच्या उंचीइतका वर, मुळांच्या जवळ सरकतो.

गडग्याकडच्या निवडुंगाचं कोडंही इथेच सुटतं. चिऱ्यांच्या ढिगात पोकळ्या मोठ्या आणि खोली भरपूर. गच्च थर असलाच तर मुळांपासून फार खाली.

तेव्हा खडे तळाशी न घालता सगळ्या कुंडीभर हवेत. चिरे घडवताना पडलेला जांभ्याचा चुरा कोकणात फुकट मिळतो. तो चाळायचा, तांबडी धूळ टाकून द्यायची आणि चार ते आठ मिलिमीटरचे कण ठेवायचे. असे तीन भाग, एक भाग माती आणि जुनं शेणखत मिळून, वर मूठभर कोळशाचे तुकडे. पुळणीची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. नारळाच्या सोडणाचा भुसा इथे ढिगाने मिळतो, पण तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतो. अबोलीला ठीक, याला नाही. कुंडी मातीची, तळाचं भोक मोठं. पाणी द्यायचं की नाही हे केरसुणीच्या हिराला विचारावं. हीर तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओला निघाला तर त्या दिवशी पाणी नाही.

पावसाळ्यात कुंडी पडवीत आणायची तर पागोळ्यांपासून आणि झडीपासून लांब. पण नुसता आडोसा केला की दुसरी भानगड सुरू होते. उजेड कमी, ऊब भरपूर, त्यात माती ओली असेल तर खोड फिकट आणि बारीक होत वर धावतं. नंतर कितीही ऊन दाखवा, ती बारीक मान फारशी भरत नाही आणि वर पुन्हा जाड खोड वाढलं की झाड तिथेच वाकतं. बऱ्याच घरांतल्या निवडुंगांच्या कंबरा मोजल्या, तर त्याने किती पावसाळे अंधारात काढले ते कळतं. म्हणून अंगणात पारदर्शक पत्र्याखाली ठेवणं सगळ्यांत चांगलं. ते जमणार नसेल तर पडवीत नेल्यावर नवरात्रापर्यंत पाणी पूर्ण बंद. धारा थोड्या आत ओढल्या जातील, जाऊ द्यात.

नवरात्रानंतर उत्साहाने एकदम उन्हात ठेवाल तर ऑक्टोबरचं ऊन खोड भाजून काढेल. भाजलेला पांढरट डाग पुढे खरखरीत होतो आणि जात नाही. आत नेतानाच दक्षिणेच्या बाजूला खडूने खूण करून ठेवावी, बाहेर काढताना तीच बाजू दक्षिणेला ठेवावी आणि आठ-पंधरा दिवस ऊन हळूहळू वाढवावं. वर्षानुवर्षांनी बुडाशी येणारी तपकिरी साल मात्र रोग नव्हे, वय आहे. दाबून टणक लागली तर निश्चिंत राहा.

बूड मऊ लागलं तर औषध शोधू नका. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण रोग येऊ नये म्हणून असतं, सडलेलं खोड ते परत आणत नाही. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने सडक्या भागाच्या बरंच वर आडवा काप घ्या आणि निरखून बघा. बाहेर हिरवा मांसल भाग, मध्ये पांढरा गाभा, दोन्हींच्या मध्ये बारीक ठिपक्यांचं एक कडं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्याच. कड्यात एक जरी तपकिरी ठिपका दिसला तरी कूज वर चढली आहे असं समजा. सुरी पुसा, आणखी दोन बोटं वर कापा. कडं स्वच्छ दिसेपर्यंत हेच. मग धारांच्या कडा थोड्या तासा, कारण सुकताना मधला भाग आत ओढला जातो आणि नवी मुळं त्या कड्यातूनच येतात. कापावर गंधकाची भुकटी लावून तुकडा हवेशीर सावलीत दोन-तीन आठवडे उभा सुकवा. आडवा ठेवला तर शेंडा वाकडा वाढतो. मग कोरड्या खड्यांवर ठेवा आणि मुळं दिसल्याशिवाय पाणी देऊ नका.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावलं की संपतो. याच्या नात्यातल्या कोचिनील किड्याचा किस्सा मजेदार आहे. १७९५ साली लाल रंगाच्या लोभाने तो ब्राझीलहून भारतात आणला. किडा भलत्याच जातीचा निघाला, रंग हलका. पण त्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा पार फडशा पाडला.

समुद्राजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ते पाणी थोडं थोडं देत राहिलं की कुंडीत मीठ साचतं आणि काठावर पांढरी पुटं दिसतात. त्यापेक्षा गोडं पाणी क्वचित, पण भोकातून वाहून जाईपर्यंत द्यावं.

आणि जागा असेल तर कुंडीचा नाद सोडून जमिनीतच लावा. दिवाळीनंतर चिऱ्यांच्या तुकड्यांचा गुडघाभर ढीग करून त्यावर, पागोळ्यांपासून आणि गुराढोरांच्या वाटेपासून दूर. सेरियस पंधरा-वीस फूट सहज चढतो, तेव्हा वरून विजेची तार जाते का, तेवढं आधी मान वर करून बघून घ्या.